एम.एस्सी. नर्सिंगचा थीसिस: तेच ते 'नॉलेज'वालं नको, लेबर रूममधला खरा प्रश्न घ्यायचाय

लेबररूम_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स, विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात नऊ वर्षं लेबर रूमला काढली, आता एम.एस्सी. नर्सिंग करतेय, ओबीजी, म्हणजे प्रसूती आणि स्त्रीरोग. सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, द्यायला सहा आठवडे राहिलेत आणि विषयावरच गाडी अडलीय.

आमच्या लायब्ररीत जुने थीसिस रांगेनं लावलेत. दोन दुपारी बसून नुसती टायटलं वाचली. बहुतेक सगळे एकाच साच्यातले, अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता, तमुक शहरातल्या निवडक ठिकाणच्या महिला. साठ जणींना प्रश्नावली द्यायची, चार्ट दाखवून अर्धा तास शिकवायचं, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली परत द्यायची, मार्क वाढतातच, टी व्हॅल्यू सिग्निफिकंट येते, बाइंडिंग करून कपाटात. ज्यांनी केलं त्यांना नावं ठेवत नाहीये, घर आणि ड्युटी सांभाळून कोर्स पूर्ण करणं काय असतं ते मला माहितीय. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट तीन वर्षांपासून आहे ती जात नाही.

नाइटला होते. लेबर रूमला एकटी, शिवाय पीएनसी, म्हणजे बाळंतिणींचा, वॉर्ड पण माझ्याचकडे. एक पहिलटकरीण, नॉर्मल डिलिव्हरी, बाळ छान रडलं, ऑक्सिटोसिन दिलं, वार पूर्ण पडली, टाके घातले, केस पेपरवर लिहिलं रक्तस्त्राव अंदाजे २०० मिली. मग दुसरी बाई फुल होऊन, म्हणजे अगदी बाळंत व्हायच्या बेतात, आली, तिच्यात दीड तास गेला. परत आले तर ही म्हणते, सिस्टर, कानात घूं घूं होतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. पल्स १३२. पांघरूण बाजूला केलं तर पॅडवर फार काही नाही, पण कमरेखाली हात घातला तर मॅकिन्टॉशच्या (खाली घालायच्या रबरी शीटच्या) घडीत रक्त साचलेलं, गाठींसकट. पुढचं तुम्हाला माहितीय, दोन लाइन्स, मसाज, डॉक्टरांना फोन, १०८, जिल्ह्याला रेफर, तिकडं चार पिशव्या रक्त चढलं. वाचली. तिची मुलगी आता बालवाडीत जाते, बाजारात भेटली होती.

पण ते २०० मी कुठून आणलं? मोजलं नव्हतं, नीट पाहिलंही नव्हतं. आम्ही सगळ्या २०० नाहीतर २५० लिहितो म्हणून लिहिलं.

तर मला हाच विषय घ्यायचाय, डिलिव्हरीनंतर किती रक्त गेलं हा आमचा नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा किती चुकतो. गाइड मॅडम म्हणतात हा मेडिकलवाल्यांचा विषय झाला, यात नर्सिंग इंटरव्हेन्शन कुठंय. यावर आधी काम झालंय का, बिनपैशात कसं करता येईल, आणि मॅडमना काय सांगू? जरा सविस्तर सांगा प्लीज.

पीएसएम_वाला

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी कम्युनिटी मेडिसिनला शिकवतो. विषय सोडू नका.

काम झालंय, आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम तुमच्या-आमच्या शेजारी झालंय, बेळगावात. २००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात एएनएम (गावपातळीवरच्या आरोग्यसेविका) सिस्टर ज्या बाळंतपणं करत होत्या, घरी किंवा उपकेंद्रात, तिथं १६२० बायकांवर ट्रायल झाली. निम्म्यांना बाळंतपणानंतर तोंडानं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या गोळ्या. पीपीएचचं, म्हणजे बाळंतपणानंतर ५०० मिली किंवा जास्त रक्त जाण्याचं, प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. आता हे मोजलं कसं ते बघा, कारण घरातल्या बाळंतपणात ५०० मिली गेलं की ४०० हे ठरवणार कोण? त्यासाठी त्यांनी कमरेखाली पसरायची प्लास्टिकची शीट वापरली, तिला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलीच्या रेघा. रक्त आपसूक पिशवीत उतरतं, सिस्टरनं वाचायचं आणि लिहायचं. याच पिशवीची तुलना नजरेच्या अंदाजाशी केली तेव्हा नजरेचा अंदाज साधारण ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे तुमचे २०० हे ३०० असू शकतात, आणि रक्त जितकं जास्त जातं तितकी नजर जास्त फसते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

तिथून पुढं सगळ्यात मोठं काम म्हणजे २०२३ ची ई-मोटिव्ह ट्रायल. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मिळून ८० दवाखाने, २ लाख १० हजारांवर बायका. ज्या दवाखान्यांत नेहमीची पद्धत चालू होती तिथंही कमरेखाली पिशवी होती, पण तिच्यावर रेघा नव्हत्या. दुसऱ्या गटात रेघांची पिशवी, आणि रेघ ओलांडली की एकामागून एक न करता एकदमच सगळं, मसाज, गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सलाइन, तपासणी. नेहमीच्या पद्धतीत पीपीएच झालेल्या बायकांपैकी निम्म्याच वेळेत ओळखल्या गेल्या, ५१ टक्के. दुसऱ्या गटात ९३ टक्के. एक लिटरच्या वर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर.

आणि गाइड मॅडमना एवढंच विचारा की हे सगळं त्या ८० दवाखान्यांत केलं कोणी. बहुतेक ठिकाणी मिडवाइफनी केलं. पिशवी वाचायची सिस्टरनं, पोटावर हात ठेवून गर्भपिशवी कडक आहे का बघायचं सिस्टरनं, पहिला डोस सिस्टरनं. डॉक्टर पोचेपर्यंतची पंधरा मिनिटं तुमची असतात. याहून मोठं नर्सिंग इंटरव्हेन्शन मला तरी माहीत नाही. २०२५ ला जागतिक आरोग्य संघटनेची नवीन गाइडलाइन पण आली, त्यात मोजून बघा असं स्पष्ट आहे, आणि ३०० मिली गेलं आणि पल्स-बीपी बिघडलं तर ५०० ची वाट न बघता उपचार सुरू करा असंही. ते सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर टाका.

जुनी_इन्चार्ज

अगं पोरी, मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अर्धी लेबर रूमला, इन्चार्ज म्हणून रिटायर झाले. तुझं ते २०० मी पण लिहिलंय. हजारदा लिहिलं असेल. का लिहितो ते सांगते, कारण ते सरांच्या ट्रायलमध्ये सापडायचं नाही.

आमच्या वेळी कुल्ह्याखाली किडनी ट्रे लावायची पद्धत होती, ट्रे अर्धा भरला की साधारण अंदाज यायचा. पुढं टेबलं बदलली, बादली आली, आणि बादलीत रक्त, गर्भजल, लघवी, डेटॉलचं पाणी सगळं एकत्र, त्यात काय मोजणार. हे एक. दुसरं कारण म्हणजे भीती. ५०० लिहिलं की पीपीएच झाला, पीपीएच झाला की रजिस्टरला लाल शाई, मिटिंगमध्ये नाव, काय केलं, कधी कळवलं, का नाही कळवलं. २०० लिहिलं आणि बाई ठीक घरी गेली तर कोणी विचारत नाही. मी नवीन मुलींना हे कधी शिकवलं नाही, पण त्या शिकतात, बघून बघून शिकतात. तू पिशवी आणशील, पिशवी ५५० दाखवेल, आणि केस पेपरवर ४५० लिहिलं जाईल. याचा विचार तुझ्या थीसिसमध्ये पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, तुझ्याच पोस्टमध्ये आहे आणि तू नुसती ओलांडून गेलीस. तू एकटी होतीस. दीड तास त्या बाईकडं कोणी बघितलं नाही. २०० ऐवजी बरोब्बर ३५० लिहिलं असतंस तरी पुढच्या दीड तासात जे गेलं ते गेलंच असतं. मला खरं विचारशील तर विषय पिशवीचा नाहीच, विषय एका पाळीला किती सिस्टर हा आहे. भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण जनरल वॉर्डला टीचिंग हॉस्पिटलात तीन रुग्णांमागं एक आणि साध्या हॉस्पिटलात पाच रुग्णांमागं एक असं आहे, वर रजेसाठी तीस टक्के राखीव. मी माझ्या उभ्या नोकरीत ते डोळ्यानं बघितलं नाही. रात्री तीस बाळंतिणी आणि तीस बाळं, एक सिस्टर आणि एक मावशी. आणि बाळ तर मोजणीत धरतच नाहीत, बाळाला खाट नसते ना.

अमेरिकेत लिंडा एकन बाईंनी २००२ ला पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांवर दाखवून दिलं की एका नर्सकडं एक रुग्ण वाढला की ऑपरेशनच्या रुग्णांची तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. नंतर युरोपात नऊ देशांत केलं, तिथंही ७ टक्केच आलं. कॅलिफोर्नियानं तर १९९९ लाच कायदा केला, २००४ पासून अमलात आणला. आपल्याकडं आपले आकडे कोणी काढायचे? मी हे करायला सांगत नाहीये, सहा आठवड्यांत होणार नाही. पण प्रत्येक डिलिव्हरीच्या पुढं त्या वेळी ड्युटीवर किती सिस्टर होत्या आणि लेबर रूमला किती बायका होत्या एवढे दोन रकाने टाक. पैसे लागत नाहीत.

पीएसएम_वाला

मॅडम, भीतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. पण स्टाफिंग हा खरा विषय आणि पिशवी दुय्यम हे मला पटत नाही. पदं भरणं मंत्रालयातून होईल, कधी होईल कोणास ठाऊक. तोवर एकटी असलेल्या सिस्टरला तर उलट रेघेची जास्त गरज आहे, कारण ती सतत उभी राहू शकत नाही आणि मावशीसुद्धा लांबून बघून सांगू शकते की सिस्टर, रेघेच्या वर गेलं.

जुनी_इन्चार्ज

मावशी बघेल हे खरं आहे. पण पिशवी काही तासभर लावून ठेवत नाहीत सर, टाके झाले की काढतात, बाईला वॉर्डात हलवतात कारण टेबल रिकामं पाहिजे असतं. या पोरीची बाई त्यानंतर गेली होती. मी माझ्या म्हणण्यावर आहे.

आकडे_आणि_आरोग्य

मी बायोस्टॅटचा माणूस, एका मेडिकल कॉलेजात थीसिस घेऊन येणाऱ्या मुलामुलींसोबत दिवस जातो. ताईंचा विषय ऐकून बरं वाटलं, आता पद्धतीचं बोलतो, लांब होईल, समजून घ्या.

पहिलं काम उद्याच करा, त्याला फक्त परवानगी लागेल. तुमच्या दवाखान्याचं डिलिव्हरी रजिस्टर, मागचं एक वर्ष, रक्तस्त्रावाचा रकाना तेवढा उतरवा. त्यात किती नोंदी बरोब्बर २०० आणि किती बरोब्बर २५० ते मोजा. माणसाचं शरीर असं गोल आकड्यात रक्त सोडत नाही. १७०, २३५, ३१० अशा नोंदी जवळजवळ नसतील तर तुमचा पहिला निष्कर्ष तिथंच आला की हा रकाना मोजणीचा नाहीये, सवयीचा आहे. बीपीच्या चार्टवर सगळीकडं १२० बाय ८० असतं ना, त्यातलाच प्रकार.

दुसरं, लगेच पिशवी वापरू नका. का ते नीट बघा. तुम्हाला मोजायचाय सिस्टरचा रोजचा अंदाज, जो ती चादर, मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या), पॅड, फरशी बघून करते. तिच्यासमोर पिशवी टांगली की ती वेगळंच काहीतरी बघतेय, रेघा झाकल्या तरी पिशवी भरलेली दिसतेच. म्हणून पहिल्या टप्प्यात वजन करा. बाळ बाहेर आलं की ओली चादर काढून कोरडी, आधी वजन केलेली चादर आणि पॅड खाली घाला, म्हणजे गर्भजल बरंचसं वगळलं जातं. मॉप मोजून आणि वजन करून द्या. सगळं झाल्यावर ओलं वजन वजा कोरडं वजन, एक ग्राम म्हणजे जवळपास एक मिली. ग्रामपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा भांड्यांच्या दुकानात मिळतो, दर आठवड्याला माहीत असलेल्या वजनानं तपासा. सिस्टरनं आपला अंदाज कागदावर लिहून पाकिटात टाकायचा, काटा बघायच्या आधी, आणि वजन दुसऱ्याच व्यक्तीनं करायचं.

इथं एक गोष्ट एथिक्स कमिटी विचारणारच आणि विचारायलाच पाहिजे. वजन करणाऱ्याला ५०० दिसलं आणि सिस्टरला कळलेलं नाही, तर? तर त्या क्षणी ओरडून सांगायचं, अभ्यास गेला चुलीत. हे प्रोटोकॉलमध्ये असंच स्पष्ट शब्दांत लिहा, आणि वजन शेवटी एकदम न करता प्रत्येक चादर-पॅड काढला की लगेच करा. संमतीसुद्धा कळा चालू असताना घेऊ नका, त्या वेळी बाई कशावरही अंगठा देईल. एएनसी ओपीडीला, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीला, छत्तीसाव्या आठवड्यात घ्या, दाखल झाल्यावर परत एकदा विचारा.

तिसरं, कोरिलेशन (दोन आकडे एकमेकांसोबत किती वाढतात-घटतात ते) काढून खूश होऊ नका. सिस्टर प्रत्येक वेळी बरोब्बर निम्मा अंदाज सांगत असेल तरी कोरिलेशन ०.९ च्या पुढं येईल आणि थीसिसमध्ये लिहिलं जाईल की अंदाज उत्तम आहे. ब्लँड-ऑल्टमन प्लॉट काढा. दोन्ही आकड्यांची सरासरी आडव्या अक्षावर, फरक (अंदाज वजा काट्याचा आकडा) उभ्या अक्षावर, एक डिलिव्हरी म्हणजे एक ठिपका. ठिपके उजवीकडं जाता जाता खाली घसरत गेले तर रक्त वाढेल तशी नजर जास्त चुकते हे शाळेतल्या पोरालाही दिसेल. आणि सॅम्पल साठ कृपा करून ठेवू नका, परंपरा म्हणून साठ असतं, त्याला आधार काही नाही. ५०० च्या वर जाणाऱ्या बायका थोड्याच असणार, आणि तुम्हाला त्याच तर बघायच्यात, तेव्हा डिलिव्हरींची संख्या मोठी लागेल. तुमच्याकडं महिन्याला किती होतात ते कळवा, मी हिशोब करून देतो.

मॅडमचे दोन रकाने फार चांगले आहेत, ठेवाच.

गटप्रवर्तक_सातपुडा

मी आशांची गटप्रवर्तक आहे, नंदुरबारकडं. तुमचं सगळं दवाखान्यातलं चाललंय म्हणून बोलू की नको असं झालं होतं, पण बोलते.

बाई तिसऱ्या दिवशी घरी येते, कधी दुसऱ्याच दिवशी, कारण घरी लहान पोरं असतात. आमची आशा गृहभेटीला जाते ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. फॉर्मात प्रश्न आहे की रक्तस्त्राव जास्त होतोय का. आशा विचारते, बाई म्हणते नाही. आता जास्त म्हणजे किती हे आशेलाही माहीत नाही आणि बाईलाही माहीत नाही. मागच्या वर्षी एका पाड्यावर आशेनं वेगळं विचारलं, तिच्या मनानंच, किती फडकी धुतली काल? तर बाई म्हणाली, मोजली नाहीत पण सासू दोनदा नदीवर जाऊन आली. मग आशेनं फडकी बघितली, पापणी खाली ओढून बघितली, पांढरी फटक. सोबत बसून ग्रामीण रुग्णालयात आणलं. दाखल केलं, वार थोडी आत राहिली होती.

आणि आमच्याकडं मुळात बाईत रक्तच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला महाराष्ट्रातल्या गरोदर बायांपैकी ४५.७ टक्क्यांना ॲनिमिया निघाला, तो पण सगळ्या राज्याचा आकडा, आमच्या पाड्यांवर काय असेल बघा. ज्या बाईचं एचबी (हिमोग्लोबिन) ७ आहे तिला तुमचे ५०० लागत नाहीत, ३०० ला ती बसते. म्हणून तुमच्या कागदावर दाखल होतानाचं एचबी पण लिहा ताई.

अजून एक. गडचिरोलीला राणीताई बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती, १९८९ ला छापून आलं, ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघालं. बाया तोवर गप्प होत्या कारण कोणी विचारलं नव्हतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे सांगतात. दवाखान्यातून सुटी झालेल्या काही बायांना घरी जाऊन विचाराल का की तुम्हाला कधी वाटलं की जास्त जातंय, आणि कोणाला सांगितलं, आणि सांगितल्यावर ते काय म्हणाले. मी आशांना सांगून मदत करीन.

कार्डिफची_सिस्टर

मूळची सांगलीची, सहा वर्षं झाली वेल्समध्ये. मिडवाइफ नाहीये मी, मॅटर्निटी थिएटर आणि रिकव्हरीला असते. इथं २०१७ पासून सगळ्या वेल्सच्या मॅटर्निटी युनिट्समध्ये ओबीएस सिमरू नावाचा उपक्रम चालू झाला, सिमरू म्हणजे वेल्स. त्यातली एक गोष्ट रोज माझ्या हातून होते म्हणून सांगते. अंदाज हा शब्दच इथं चालत नाही. प्रत्येक मॉप, प्रत्येक पॅड काट्यावर जातो, आणि त्याची बेरीज चालू ठेवायची, मोठ्यानं सांगायची. थिएटरमध्ये पांढऱ्या बोर्डवर मार्करनं लिहितो, १८०, २६०, ४१०. ५०० झालं की ठरलेली माणसं येणार, १००० झालं की अजून वरची माणसं येणार, तेव्हा कोणाला फोन करू, रागावतील का, हा विचार नर्सला करावाच लागत नाही. आकडाच बोलावतो त्यांना.

जुन्या इन्चार्ज मॅडमनी भीतीचं लिहिलंय ते वाचून मला माझी भारतातली नोकरी आठवली. तिथं एका खासगी हॉस्पिटलात रात्री अडीचला डॉक्टरांना उठवलं म्हणून मला सकाळी सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि बाईला खरंच ब्लीडिंग होतं. त्यानंतर चार-पाच महिने मी फोन करायला दहा मिनिटं उशीर करायचे. आज ते लिहिताना पण वाईट वाटतंय. इथं मी जास्त हुशार झाले असं काही नाही, ५०० ला फोन करायचाच हे भिंतीवर लिहिलंय आणि फोन केला नाही तर विचारतात, एवढाच फरक आहे.

फक्त एक सांगते, इथली नक्कल जशीच्या तशी करू नका. इथं एका बाईमागं मिडवाइफ असते, माझ्या हाताखाली काटा ठेवायला टेबल असतं. तुमच्याकडं काटा कुठं ठेवणार, रात्री लाइट गेली तर कोण वाचणार, ओले पॅड उघड्यावर किती वेळ राहणार, हे आधी दोन-तीन रात्री नुसतं उभं राहून बघा.

लेबररूम_रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये धावपळ होती.

आधी रजिस्टर बघितलं, आकडेवाल्या सरांनी सांगितलं तसं. पानं उलटत गेले तसं पोटात खड्डा पडत गेला. २००, २००, २५०, २००, २००. माझ्या अक्षरातली पानं वेगळी ओळखू येत होती. ज्या रात्रीची गोष्ट वर सांगितली ते पान पण सापडलं, तिथं अजून २०० च आहे. पुढच्या रकान्यात रेफर असं लिहिलंय आणि मागच्या रकान्यात २००, आणि इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही की दोनशे मिलीसाठी रेफर कशाला केलं.

गाइड मॅडमना ती पानं दाखवली. त्या बराच वेळ बघत बसल्या, मग त्यांनी त्यांच्या स्टाफ नर्स असतानाच्या एका बाईची गोष्ट सांगितली, ती इथं लिहीत नाही, त्यांची आहे. विषय मान्य केला. टायटलमध्ये "परिणामकारकता" शब्द आला पाहिजे असं म्हणाल्या तर दुसरा टप्पा पिशवीचा त्यासाठी ठेवलाय, पहिल्या टप्प्यात चादर आणि काटा. इन्चार्ज मॅडम, तुमचे दोन रकाने आहेत. एचबीचा पण आहे, गटप्रवर्तक ताई. घरी जाऊन विचारायचं गाइड मॅडम म्हणतात वेळेत बसणार नाही, पण मी बारा-पंधरा बायकांपुरतं तरी टाकणार आहे, भांडून.

कार्डिफच्या ताईंनी सांगितलं तसं दोन रात्री जाऊन उभी राहिले, सुपरिटेंडेंट सरांची परवानगी काढून. काटा ठेवायला जागा ऑटोक्लेव्हच्या ड्रमशेजारी आहे, पण तिथं स्टूल लागेल. दुसऱ्या रात्री बाईला विचारून एका डिलिव्हरीचं वजन करून पाहिलं, नुसतं जमतंय का बघायला, अभ्यासात धरणार नाही. सिस्टर माझी जुनी मैत्रीण, तिनं आणि मी दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं. तिनं २००, मी आता हे सगळं वाचलेलं म्हणून मुद्दाम वाढवून २५०. काट्यानं ३८० दाखवलं. चादर वरून बरी दिसत होती, खालून चिंब होती.

एकच अडचण राहिलीय. चादरी सगळ्या एका वजनाच्या नाहीत, धोब्याकडून येतात त्यात काही जाड काही पातळ, प्रत्येक चादरीचं कोरडं वजन तिच्यावरच लिहून ठेवलं तर धुण्यात टिकेल का? काय वापरू?

जुनी_इन्चार्ज

कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं नंबर भरून घे, आमच्याकडं ओटीच्या चादरींना तसंच करायचे, वर्षानुवर्षं जात नाही. नंबर आणि वजन वहीत लिही. पण दर दोन महिन्यांनी परत वजन कर, धुऊन धुऊन चादर हलकी होते. वीस चादरी पुरतील, भरतकाम मी करून देते, पत्ता मेसेज कर.